प्लेगच्या वाटेवरील शिक्षिका

संकटकाळी शिक्षकाने कोठवर जावे, हा प्रश्न २०२० साली मुंबईत नव्याने उभा राहिला. करोनाच्या साथीत अनेक शिक्षकांवर घरोघरच्या सर्वेक्षणासारखी कामे सोपविण्यात आली. परळ-लालबागसारख्या दाट वस्तीत चाळींचे जिने चढताना ज्याच्या मनात धास्ती दाटली, त्याला भ्याड ठरविण्याचे कारण नाही. अशा वेळी सावित्रीबाई फुले यांचा दाखला हमखास दिला जातो; परंतु त्या दाखल्याचा अर्धाच अर्थ आपण घेतो.

३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाई विवाहानंतर अक्षरे शिकल्या आणि १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. वाटेत अंगावर शेणमाती फेकली जाई, म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत, असे सांगतात. धोका ओळखावा, त्याची तजवीज करावी आणि मग काम सोडू नये, ही त्यांची रीत होती. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी भुकेल्यांसाठी अन्नछत्रे चालविली. १८९० साली जोतीराव निवर्तल्यावर सत्यशोधक समाजाची धुरा वाहिली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. भयभीत गिरणी कामगारांनी गावची वाट धरली. त्या कामगारांचे पुढारी आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगलाच बळी पडले. ही वार्ता सावित्रीबाईंच्या कानी गेली नसेल, असे मानणे कठीण आहे. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी १० जानेवारीला आपली लस स्वतःला टोचून घेतली होती. पण ती अद्याप सर्वसामान्यांच्या आवाक्यात नव्हती. प्लेग पिसवांमुळे पसरतो, हे तर सिमाँ यांनी १८९८ साली दाखविले. सारांश, धोका दिसत होता, त्याची वाट मात्र अज्ञात होती.

अशा स्थितीत डॉक्टर असलेल्या आपल्या दत्तक पुत्राच्या, यशवंतरावांच्या साहाय्याने सावित्रीबाईंनी पुण्याबाहेर मोकळ्या जागी रुग्णांसाठी दवाखाना उभारला. डॉक्टर हाताशी घेणे आणि दवाखाना वस्तीपासून दूर ठेवणे यात भाबडी भावना नव्हती, विवेक होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात पोहोचल्या. त्यातूनच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

हा मृत्यू वंदनीय आहे, पण तो वेठीचा दाखला नव्हे. सावित्रीबाईंनी ती जोखीम स्वतः पत्करली होती. ती त्यांच्यावर कोणी हुकमाने लादली नव्हती. ज्यांना शासन साथीच्या कामाला धाडते, त्यांना आवश्यक माहिती, संरक्षणाची साधने आणि कुटुंबाच्या भवितव्याची हमी देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. ते न पाळता केवळ सावित्रीबाईंचे नाव घेणे म्हणजे त्यांचा वारसा सांगून आपली जबाबदारी टाळणे होय. आणि शिक्षकांनीही ध्यानात ठेवावे, की भीती वाटणे हा दोष नाही. भीतीमुळे विद्यार्थ्याकडे पाठ फिरविणे मात्र सावित्रीबाईंच्या परंपरेत बसत नाही.