कार्ल सेगन

कार्ल एडवर्ड सेगन (९ नोव्हेंबर, १९३४ – २० डिसेंबर, १९९६) हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ, विज्ञानलेखक व कॉर्नेल विद्यापीठातील प्राध्यापक होते. पृथ्वीबाहेरील जीवसृष्टीचा शोध घेणाऱ्या खगोलजीवशास्त्र या विद्याशाखेच्या आद्य अभ्यासकांत त्यांची गणना होते. 'कॉसमॉस' या १३ भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे (१९८०) ते जगभर परिचित झाले. जीवसृष्टीचा पुरावा कशाला म्हणावे, हे संशोधकांना आणि सामान्य श्रोत्यांना एकाच स्पष्टतेने समजावून सांगणे, ही मात्र त्यांची अधिक टिकाऊ कामगिरी मानावी लागेल.

बालपण व शिक्षण

सेगन यांचा जन्म न्यू यॉर्क शहरातील ब्रुकलिन भागात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील सॅम्युएल रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आले होते व कापड व्यवसायात नोकरी करीत. आईचे नाव रेचेल. लहानपणी ग्रंथालयात ताऱ्यांविषयीचे पुस्तक मागितले असता आधी चित्रपटतारकांचे पुस्तक हाती पडले, अशी आठवण ते सांगत असत. तारे म्हणजे दूरचे सूर्य आहेत हे वाचल्यावर त्यांच्याभोवतीही ग्रह असतील काय, हा प्रश्न त्यांना त्याच वयात पडला.

शाळेने या कुतूहलाला फारसे खतपाणी घातले नाही. शालेय विज्ञानात पाठांतराचा भाग मोठा होता आणि प्रेरणा देणारे विज्ञानशिक्षक आपल्या वाट्याला आले नाहीत, असे त्यांनी पुढे लिहिले. शिक्षणाविषयीच्या त्यांच्या नंतरच्या लेखनाचे मूळ येथे दिसते. शिकागो विद्यापीठातून त्यांनी १९६० मध्ये खगोलशास्त्र व खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळविली. जेरार्ड कायपर हे त्यांचे मार्गदर्शक होते. विद्यार्थिदशेतच आनुवंशशास्त्रज्ञ एच. जे. म्यूलर आणि रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड यूरी यांचा सहवास लाभल्याने जीवशास्त्र व रसायनशास्त्राशीही त्यांचा परिचय झाला.

संशोधन

शुक्राचा पृष्ठभाग हरितगृह परिणामामुळे अतितप्त असावा, असे प्रतिपादन सेगन यांनी प्रबंधकाळातच केले. १९६२ मधील मरिनर २ यानाच्या निरीक्षणांनी उच्च तापमानाला दुजोरा मिळाला. मंगळावरील गडद पट्टे ऋतूनुसार बदलतात याचा अर्थ तेथे वनस्पती उगवतात, असा अनेकांचा समज होता. हा बदल वाऱ्याने उडणाऱ्या धुळीचा आहे, हे सेगन व जेम्स पोलॅक यांनी मांडले. मंगळावर जीव सापडावेत अशी तीव्र इच्छा बाळगणाऱ्या संशोधकानेच त्यांच्या बाजूचा एक लोकप्रिय पुरावा निकालात काढावा, ही बाब त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकते. भारतात जन्मलेले बिशुन खरे यांच्यासमवेत त्यांनी टायटन या शनीच्या उपग्रहासारख्या वातावरणात तयार होणाऱ्या तांबूस सेंद्रिय पदार्थांचा अभ्यास केला व त्यांना 'थोलिन' हे नाव दिले.

हार्वर्ड विद्यापीठाने कायमस्वरूपी पद नाकारल्यानंतर १९६८ मध्ये ते कॉर्नेलमध्ये गेले व अखेरपर्यंत तेथेच राहिले.

वायकिंग मोहीम

२० जुलै, १९७६ रोजी वायकिंग १ मंगळावर उतरले. मोहिमेच्या शास्त्रज्ञ गटात असलेले सेगन, यानाच्या कॅमेऱ्यात एखादा मोठा प्राणीही दिसू शकेल ही शक्यता खुली ठेवावी, असे म्हणत; सहकाऱ्यांना ते अतिरेकी वाटे. यानावर जीवशास्त्राचे तीन प्रयोग होते. त्यांपैकी एकात मातीवर पोषक द्रव टाकताच वायू बाहेर पडला. पृथ्वीवर असा निकाल जीवाणूंचे लक्षण ठरला असता. परंतु दुसऱ्या उपकरणाला त्या मातीत स्थानिक सेंद्रिय रेणू आढळले नाहीत, आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी हा वायू मातीतील निर्जीव रासायनिक क्रियेमुळे निघाल्याचे मानले. प्रयोगाचे प्रमुख गिल्बर्ट लेविन यांनी हा निष्कर्ष मान्य केला नाही. सेगन यांनी मात्र जीवसृष्टी सिद्ध झाली नसल्याचे स्वीकारले.

नासाच्या शालेय शिक्षकांसाठीच्या साहित्यात याच पेचावर बेतलेला एक पाठ आढळतो. तीन भांड्यांत साखर मिसळलेली वाळू घेतात; एकात यीस्ट, दुसऱ्यात पाण्यात फसफसणाऱ्या पित्तशामक गोळीची पूड घालतात, तिसरे तसेच ठेवतात. कोमट पाणी ओतल्यावर गोळीचे भांडे लगेच फेसाळते व थोड्याच वेळात शांत होते. यीस्टचे उशिरा सुरू होते, पण चालूच राहते. बुडबुडे दोन्हींत येतात, जीव एकातच असतो. या पाठात शिक्षकाने उत्तर सांगणे अपेक्षित नसते. आधी जीवाची लक्षणे कोणती धरायची हे विद्यार्थ्यांनी ठरवायचे असते.

अध्यापन

१९७७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनची मुलांसाठीची नाताळ व्याख्याने सेगन यांनी दिली. ग्रहांवरील या सहा व्याख्यानांपैकी तीन मंगळावर होती. वायकिंगपूर्वी काय वाटत होते आणि नंतर काय कळले, हे त्यांत क्रमाने मांडलेले होते. कॉर्नेलमध्ये ते चिकित्सक विचारपद्धतीचा अभ्यासक्रम शिकवीत. बालवर्गातील मुले न संकोचता मूलभूत प्रश्न विचारतात, तर शाळा संपविणारे विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात, अशी खंत त्यांनी 'द डीमन-हॉन्टेड वर्ल्ड' (१९९५) या ग्रंथात व्यक्त केली.

त्यांच्या पद्धतीचे सर्वांत नेटके उदाहरण म्हणजे गॅलिलिओ यानाचा प्रयोग. गुरूकडे निघालेले हे यान ८ डिसेंबर, १९९० रोजी पृथ्वीजवळून गेले. पृथ्वी अपरिचित ग्रह असल्याचे गृहीत धरून केवळ यानाच्या नोंदींवरून येथे जीव आहेत हे ठरविता येते का, असा प्रश्न सेगन व सहकाऱ्यांनी घेतला. विपुल ऑक्सिजन, त्यासोबत टिकून राहू नये इतका मिथेन, लाल प्रकाश शोषणारे रंगद्रव्य आणि कृत्रिम वाटणाऱ्या रेडिओ लहरी मिळाल्या. ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिकाच्या छायाचित्रांत मात्र मानवी वस्तीची खात्रीशीर खूण दिसली नाही. हा शोधनिबंध १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

व्हॉयेजरची तबकडी

१९७७ मध्ये सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवरील सुवर्णलेपित तबकडी सेगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केली. तिच्यावरील ५५ भाषांतील अभिवादनांत मराठीचा समावेश आहे. भारतीय संगीतातून गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर यांच्या भैरवीची निवड झाली. याने निघाल्यानंतर काही दिवसांतच, १६ सप्टेंबर, १९७७ रोजी केसरबाईंचे निधन झाले.

विरोध व अखेर

अमेरिकन सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये बुद्धिमान परग्रहवासीयांच्या शोधाचा सरकारी निधी थांबविण्यात आला. सेगन यांनी त्यांची भेट घेऊन बाजू समजावून सांगितली आणि प्रॉक्समायर यांनी विरोध सोडला. शास्त्रज्ञांतील विरोध अधिक चिवट होता. १९९२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांचे सदस्यत्व नाकारले. लोकप्रियतेमुळे त्यांचे संशोधन दुय्यम लेखले गेले, असे अनेकांचे मत आहे. याच अकादमीने १९९४ मध्ये त्यांना लोककल्याण पदक दिले.

अस्थिमज्जेच्या विकाराने आजारी असताना न्यूमोनिया होऊन सिअॅटल येथे वयाच्या ६२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ४ जुलै, १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाच्या अवतरकाला कार्ल सेगन स्मृती स्थानक असे नाव देण्यात आले.