गाडगेबाबा : प्रश्न विचारणारे कीर्तन

संत गाडगेबाबा यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे मूळ नाव. व्यसनापायी वडील अकाली गेले आणि डेबूजींचे बालपण मामाच्या घरी गुरे राखण्यात, शेतात राबण्यात सरले. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. मुलीच्या बारशाला दारू-मटणाऐवजी गोड जेवण घालून त्यांनी जातरूढी मोडली. 1905 साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती झाडू आणि गाडगे, एवढाच त्यांचा संसार उरला.

दिवसा बाबा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. कीर्तनात ते प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. सत्यनारायणाच्या कथेत प्रसाद अव्हेरल्याने बुडालेली नाव पुन्हा वर येते. मग महायुद्धात बुडालेली जहाजेही पूजा घालून वर काढता येतील काय, अशी त्यांची पृच्छा असे. लोक हसत आणि हसता हसता विचार करू लागत. कोणताही दावा जिथे पडताळता येईल तिथे नेऊन तपासावा, हीच त्यांची रीत होती. तथागतांनी कालामांना केलेल्या उपदेशाशी तिचे नाते आहे, असे आम्हांस वाटते.

नांदेड-लातूरच्या आपल्या शिवारात या रीतीवर आजही जीव अवलंबून असतो. सर्पदंश झालेल्या माणसाला आधी मांत्रिकाकडे वा देवळात नेले जाते. काही माणसे तिथे बरी होतातही. पण बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. अशा वेळी श्रेय मंत्राला मिळते. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष अंगात भिनले असता मंत्र कामी येत नाही. तिथे रुग्णालयातील प्रतिविषच हवे. गेलेली घटका परत येत नाही. मोबाइलवरून येणाऱ्या रामबाण उपायांनाही आपण हाच प्रश्न विचारावयास हवा : बरे न झालेल्यांची मोजदाद कोणी केली?

बाबांनी कोणाला पाया पडू दिले नाही, शिष्य केले नाहीत. लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारल्या. मात्र स्वतःसाठी काही ठेवले नाही. भांडी विका, पण लेकरांना शिकवा, असा त्यांचा आग्रह असे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे वसतिगृहासाठी सुपूर्द केली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, 20 डिसेंबर 1956 रोजी, बाबांनीही देह ठेवला.

अशा पुरुषाच्या तसबिरीला हार घालून आपले ऋण फिटणार नाही. वसतिगृहात राहून शिकलेल्या आपण सर्वांनी आपापल्या घरात आणि वस्तीत त्यांचा प्रश्न जागता ठेवावा, हीच त्यांना खरी आदरांजली होय.