सोजर्नर ट्रुथ: अक्षर ओळख नसताना कोर्टात जाऊन आपलं पोर सोडवून आणणारी आई

अमेरिकेतली गुलामगिरी म्हटलं की डोळ्यासमोर दक्षिणेतली कापसाची शेतं येतात. पण गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या सर्वात प्रसिद्ध स्त्रियांपैकी एक कापसाच्या शेतात कधीच राबली नव्हती. तिचा जन्म उत्तरेतल्या न्यूयॉर्क राज्यातला आणि तिची मातृभाषा इंग्रजी नव्हे, तर डच होती. तिचं नाव सोजर्नर ट्रुथ. हे नावही तिला जन्माने मिळालेलं नव्हतं, ते तिने वयाच्या पंचेचाळिशीनंतर स्वतः घेतलं.

मेंढरांच्या कळपासोबत विकलेली मुलगी

1797 च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या अल्स्टर काउंटीत तिचा जन्म झाला. नाव ठेवलं इझाबेला. आईबाप दोघंही डच वंशाच्या एका जमीनदाराचे गुलाम होते. इझाबेलाची बरीचशी भावंडं ती कळती होण्याआधीच विकली गेली होती. त्यांच्या आठवणी सांगताना आई रडायची, एवढीच तिची भावंडांशी ओळख.

मालक वारला आणि 1806 च्या आसपास त्याच्या मालमत्तेचा लिलाव झाला. नऊ वर्षांची इझाबेला आणि मेंढरांचा एक कळप असा मिळून शंभर डॉलरला सौदा झाला. नवा मालक इंग्रजी बोलणारा होता. तो काय सांगतोय ते या मुलीला कळायचं नाही, आणि सांगितलेलं काम झालं नाही म्हणून तिला मार पडायचा. त्या फटक्यांचे वण तिच्या अंगावर आयुष्यभर राहिले.

पुढे ती आणखी दोनदा विकली गेली. 1810 मध्ये ती जॉन ड्युमाँट नावाच्या शेतकऱ्याकडे आली आणि तिथे सोळा वर्षं राबली. शेजारच्या मळ्यावरच्या रॉबर्ट नावाच्या गुलामावर तिचा जीव जडला होता. पण मुलं झाली तर ती आईच्या मालकाची, असा कायदा होता. आपल्याला काही मिळणार नाही हे ओळखून रॉबर्टच्या मालकाने त्याला बेदम मारलं आणि ते नातं तिथेच संपलं. नंतर ड्युमाँटच्याच थॉमस या वयाने मोठ्या गुलामाशी तिचं लग्न लावण्यात आलं.

पळून नाही, चालत गेली

न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी एका दिवसात संपली नाही. 1799 च्या कायद्याने त्यानंतर जन्मलेली मुलं नावापुरती मुक्त झाली, पण तरुण होईपर्यंत त्यांना आईच्या मालकाकडे राबावं लागे. उरलेल्यांच्या सुटकेसाठी 4 जुलै 1827 हा दिवस ठरला. नीट काम केलंस तर एक वर्ष आधीच सोडतो, असा शब्द ड्युमाँटने इझाबेलाला दिला होता. त्या वर्षात तिच्या हाताला दुखापत झाली. ते निमित्त काढून मालकाने शब्द फिरवला.

तिने मात्र आपल्या बाजूचा हिशेब चुकता केला. सुमारे शंभर पौंड, म्हणजे पंचेचाळीस किलो लोकर कातून दिली आणि 1826 च्या अखेरीस एका पहाटे तान्ही सोफिया कडेवर घेऊन ती घराबाहेर पडली. आपण पळालो नाही, उजेडी चालत गेलो, असं ती पुढे सांगायची. बाकीची मुलं मात्र मागे ठेवावी लागली. व्हॅन वॅगनन नावाच्या कुटुंबाने तिला आसरा दिला. ड्युमाँट शोधत आला तेव्हा त्यांनी तिच्या उरलेल्या दिवसांचे वीस डॉलर त्याच्या हातावर ठेवले आणि त्याला वाटेला लावलं.

पीटरची केस

काही दिवसांतच कळलं की तिचा पाचेक वर्षांचा मुलगा पीटर विकला गेलाय, आणि हातोहात फिरत थेट अलाबामात पोचलाय. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेलं मूल कधी ना कधी मोकळं होणार होतं. अलाबामात मात्र गुलामगिरी जन्मभराची. म्हणूनच राज्याबाहेर अशी विक्री करणं न्यूयॉर्कच्या कायद्याने गुन्हा होता.

पण कायदा असणं वेगळं आणि तो वापरता येणं वेगळं. इझाबेलाला लिहिता-वाचता येत नव्हतं, गाठीला पैसा नव्हता. आधी ती जुन्या मालकिणीकडे गेली. एका पोरासाठी एवढा गोंधळ कशाला, अशी तिथे तिची थट्टा झाली. मग क्वेकर पंथाच्या काही लोकांच्या मदतीने ती किंग्स्टनच्या कोर्टात पोचली, वकील मिळवले आणि तक्रार नोंदवली. मुलाला दक्षिणेत पाठवणाऱ्या माणसाला शेवटी त्याला परत आणून कोर्टात उभं करावं लागलं.

समोर आई दिसली तर पीटर किंचाळला. ही माझी आई नाही, मला मालकापासून तोडू नका, असं तो विनवू लागला. अंगावरच्या जखमा घोड्याच्या लाथेने झाल्या, असंही त्याने सांगितलं. त्याच्याकडून हे सगळं घोकून घेतलेलं आहे, हे न्यायाधीशाच्या लक्षात आलं. 1828 मध्ये मुलगा आईच्या ताब्यात देण्यात आला. घरी नेऊन अंगरखा काढला तर त्याची पाठ चाबकाच्या वळांनी भरलेली होती. गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात जाऊन जिंकलेल्या अमेरिकेतल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. या केसचे मूळ कागद 2022 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या दप्तरखान्यात सापडले.

पुढे पीटर मोठा होऊन देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर गेला. त्याची काही पत्रं आली. 1842 मध्ये जहाज परतलं, पण त्यावर पीटर नव्हता. त्याचं काय झालं, ते आईला कधीच कळलं नाही.

नवं नाव, नवं काम

1 जून 1843 रोजी इझाबेलाने मालकांची सगळी नावं टाकून सोजर्नर ट्रुथ हे नाव घेतलं. गावोगाव फिरून सत्य सांगणारी, असा त्याचा अर्थ. देवाने आपल्याला हेच काम दिलंय अशी त्यांची श्रद्धा होती. त्या चालत निघाल्या आणि मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनच्या एका सहजीवन वसाहतीत पोचल्या. तिथे विल्यम लॉइड गॅरिसन आणि फ्रेडरिक डग्लस हे गुलामगिरीविरोधी चळवळीतले मोठे नेते त्यांना भेटले. जवळपास सहा फूट उंची, घुमणारा आवाज, मध्येच गाणं म्हणण्याची सवय आणि हजरजबाबीपणा यांमुळे ट्रुथ लवकरच चळवळीच्या लोकप्रिय वक्त्या झाल्या.

1850 मध्ये त्यांनी ऑलिव्ह गिल्बर्ट या मैत्रिणीला सांगून आपलं चरित्र लिहवून घेतलं. सभा संपली की त्या स्वतः ते विकायच्या. पुढे स्वतःचे फोटोही विकू लागल्या आणि त्या फोटोंचा कॉपीराइट स्वतःच्या नावावर घेतला. एके काळी जिचं शरीर दुसऱ्यांनी विकलं होतं, तीच आता आपल्या छबीची मालकीण होती.

गाजलेलं भाषण आणि त्याचा घोळ

मे 1851 मध्ये ओहायोतल्या अॅक्रन इथे स्त्री हक्क परिषद भरली होती. तिथलं ट्रुथ यांचं भाषण जगभर गाजलं. आपण बाई नाही का, असा प्रश्न त्यांनी पुन्हा पुन्हा विचारला, असं शाळेच्या पुस्तकांतही असतं. पण इथे एक अडचण आहे.

परिषदेनंतर साधारण तीन आठवड्यांत मॅरियस रॉबिन्सन या पत्रकाराने ते भाषण छापलं होतं. त्यात हा प्रश्न नाहीच. नांगरणी, कापणी, मळणी यांत आपण पुरुषाच्या बरोबरीने काम केलंय, मग हक्क देताना हात आखडता का, असा साधा, ठाम युक्तिवाद त्यात आहे. गाजलेली आवृत्ती आली ती बारा वर्षांनी, 1863 मध्ये. ती परिषदेच्या अध्यक्ष फ्रान्सेस गेज यांनी लिहिली. त्यात ट्रुथ यांच्या तोंडी दक्षिणेतल्या गुलामांची बोली घातलीय आणि त्यांना तेरा मुलं असल्याचं म्हटलंय. प्रत्यक्षात त्यांना पाच मुलं होती आणि त्या दक्षिणेत कधी राहिल्याच नव्हत्या.

गेज यांचा हेतू वाईट नव्हता. पण गुलाम बाई कशी बोलत असेल, याचं गोऱ्या वाचकांच्या मनात एक चित्र होतं आणि ट्रुथ यांना त्यात बसवण्यात आलं. स्वतः लिहिता न येणाऱ्या माणसाचा आवाज इतरांच्या हातून कसा बदलतो, याचं हे ठळक उदाहरण आहे.

गुलामगिरी संपली, लढाई नाही

यादवी युद्धात ट्रुथ यांनी कृष्णवर्णीय सैनिकांसाठी अन्न-कपडे गोळा केले. 1864 मध्ये त्या राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना भेटल्या. 1865 मध्ये घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली. याच लढ्याची दखल आपल्याकडे महात्मा फुल्यांनी घेतली आणि 1873 चं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं.

त्याच 1865 मध्ये वॉशिंग्टनच्या घोड्यांच्या ट्राममध्ये चढताना कंडक्टरने ट्रुथ यांना ढकललं आणि त्यांचा खांदा दुखावला. त्यांनी त्याला अटक करवली, त्याची नोकरी गेली. 1867 मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत त्यांनी वेगळाच मुद्दा मांडला. फक्त कृष्णवर्णीय पुरुषांना हक्क मिळाले आणि बायकांना नाही, तर बायकांचे मालक तेवढे बदलतील, असं त्यांचं म्हणणं होतं. मुक्त झालेल्या गुलामांना पश्चिमेकडे जमीन द्यावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं सह्या गोळा केल्या. काँग्रेसने ती मागणी मानली नाही. 1872 मध्ये त्या मतदान करायला गेल्या, तेव्हा त्यांना परत पाठवण्यात आलं.

26 नोव्हेंबर 1883 रोजी मिशिगनमधल्या बॅटल क्रीकमध्ये त्यांचं निधन झालं. अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती व्हायला त्यानंतर आणखी सदतीस वर्षं लागली. 1997 मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या छोट्या रोव्हरला सोजर्नर हे नाव त्यांच्यावरूनच देण्यात आलं. 2009 मध्ये अमेरिकेच्या संसद भवनात त्यांचा अर्धपुतळा बसवला गेला. तिथे असा मान मिळालेल्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्री.