डॉ. कमल रणदिवे : पेशींचा मागोवा घेणारी संशोधिका

(द्वितीय वर्ष, कला)

माणसाच्या शरीराचा आरंभ एका पेशीपासून होतो. एकीच्या दोन, दोहोंच्या चार होत होत त्यांतूनच कातडीच्या, रक्ताच्या, स्नायूंच्या, मेंदूच्या अशा सुमारे दोनशे प्रकारच्या पेशी घडतात. वारसा सर्वांना एकच. पण त्यातला कोणता भाग जागा व्हायचा आणि कोणता निजून राहायचा, हे जागेनुसार व शेजारानुसार ठरत जाते. एखादी पेशी हा धरबंध सोडून बेसुमार वाढू लागली, की कर्करोग होतो. पेशी अशी का बिघडते, या प्रश्नासाठी डॉ. कमल रणदिवे यांनी आयुष्य वेचले.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. कमलताई तिथूनच पदवीधर झाल्या. १९३९ साली गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. शिक्षण मात्र थांबले नाही. १९४३ मध्ये सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर अभ्यास करून त्यांनी एम्.एस्सी. केले, आणि डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच्.डी. मिळवली.

पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी जगवण्याची विद्या, म्हणजेच ऊतकसंवर्धन, तिथे भरभराटीस आली होती. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी याच प्रयोगशाळेत वाढल्या. ती बाई त्याच वर्षी गेली. तिच्या पेशी आजही जगभर वाढत आहेत.

ही विद्या घेऊन कमलताई मुंबईस परतल्या. खानोलकरांनी उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा सुरू केली. ती देशातील पहिली मानली जाते. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून तपासला. नुसता जन्माचा वारसा पेशीचे भवितव्य ठरवीत नाही, असे या कामातून दिसते. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ११ एप्रिल २००१ रोजी त्या निवर्तल्या.

इथे मला माझे थोडे सांगायचे आहे. वडील वाशीच्या बाजारात माथाडी कामगार; घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. कमलताईंच्या घरी विद्या होती, आमच्या घरी पुस्तकही नव्हते. म्हणून त्यांचा आदर्श आम्हाला जसाच्या तसा लागू पडतो, असे मी म्हणणार नाही. सध्या घरात माझ्या लग्नाच्या गोष्टी चालल्या आहेत. मावशी म्हणते, घराण्यात नाही ते हिच्यात कुठून येणार? या प्रश्नाने मला झोप येत नसे. लग्नानंतर दहा वर्षांनी डॉक्टरेट मिळवणाऱ्या या बाईंचे चरित्र मी आईला वाचून दाखवले. आईने लग्नाचे बोलणे परीक्षेपर्यंत थांबवले आहे. पुढचे पुढे.

काचेच्या भांड्यातली पेशीसुद्धा योग्य अन्न आणि ऊब मिळाली तरच जगते. हे कमलताईंना बायकांच्या बाबतीतही उमगले असावे. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. तिची वास्तू आपल्या वाशीतच आहे. तिथे नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालवले गेले. अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या कुपोषणाची पाहणीही कमलताईंनी केली. माझे गाव त्याच तालुक्यातले.

त्यांच्या केंद्राचा वारसा आज खारघरच्या टाटा कर्करोग संशोधन केंद्रात चालू आहे. दोन्ही ठिकाणे आपल्या महाविद्यालयापासून बसच्या अंतरावर आहेत. शैक्षणिक सहलीसाठी दरवर्षी लांबचे किल्ले निवडणाऱ्या प्राध्यापकांनी कला शाखेच्या मुलींना एकदा तिथेही न्यावे, अशी नम्र विनंती.