मॉल बांधणाऱ्या माणसाला खरं तर गावाचा पार बांधायचा होता

रविवारी संध्याकाळी मॉलमध्ये चक्कर मारा. बरीच माणसं काहीच विकत घेत नसतात. कुणी एसीची हवा खात असतं, कुणी पोरांना सरकत्या जिन्यावरून वरखाली फिरवत असतं, कुणी मित्रांची वाट बघत खांबाला टेकून उभं असतं. अशा वेळी निवांत बसायला एखादा बाक शोधायला गेलं, की तो काही सापडत नाही.

गंमत म्हणजे, आजच्या मॉलचा पहिला आराखडा ज्यांनी काढला त्यांना लोकांना निवांत बसवायचंच होतं. त्यांचं नाव व्हिक्टर ग्रुएन.

जन्म १८ जुलै १९०३, व्हिएन्नाचा. ज्यू घराणं, मूळ आडनाव ग्रुनबाउम. व्हिएन्ना म्हणजे चौकांचं आणि कॅफेंचं शहर. एक कप कॉफी मागवायची आणि पेपर वाचत, वाद घालत तासनतास बसायचं. ग्रुएन अशा शहरात वाढले. दिवसा ते वास्तुविशारद म्हणून दुकानं सजवायचे आणि रात्री छोट्या रंगमंचावर राजकारण्यांची टर उडवणारे कार्यक्रम करायचे.

१९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. नाझींची खिल्ली उडवणाऱ्या ज्यू माणसाला तिथं थांबणं शक्यच नव्हतं. असं सांगतात, की त्यांच्या एका मित्राने नाझी सैनिकाचा वेश चढवला आणि त्यांना गाडीतून विमानतळावर पोचवलं. न्यूयॉर्कला उतरले तेव्हा खिशात होते अवघे ८ डॉलर.

पण गडी हुशार होता. वर्षभरातच न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर त्यांनी चामड्याच्या वस्तूंचं एक दुकान असं सजवलं, की रस्त्याने जाणारी माणसं थबकायला लागली. कामं मिळत गेली. पुढे त्यांनी आडनावही आटोपशीर करून ग्रुएन केलं.

अमेरिकेत एक गोष्ट मात्र त्यांना सतत खटकत होती. महायुद्ध संपलं तशी माणसं शहर सोडून उपनगरांत राहायला गेली. घर, कार, ऑफिस आणि परत घर. शेजाऱ्याशी दोन शब्द बोलावेत अशी जागाच नाही. आपल्याकडे गावात पार असतो, चावडी असते, आठवड्याचा बाजार असतो. अमेरिकेच्या उपनगरात यातलं काहीच नव्हतं.

ग्रुएन यांचं डोकं इथं चाललं. माणसं खरेदीला तर बाहेर पडणारच. मग खरेदीच्या जागीच चौक बांधला तर?

१९५४ साली डेट्रॉइटजवळ त्यांचं नॉर्थलँड सेंटर सुरू झालं. दुकानांच्या मधोमध मोकळी अंगणं, शिल्पं, बाकं. मग काम आलं मिनेसोटा राज्यातल्या इडायना गावचं. तिथला हिवाळा रक्त गोठवणारा, उन्हाळा भाजून काढणारा. ग्रुएन यांनी अख्खा चौकच छपराखाली घेतला. ८ ऑक्टोबर १९५६ ला साउथडेल सेंटर उघडलं. खर्च सुमारे २ कोटी डॉलर, दुकानं ७२, बाहेर हजारो गाड्यांचं पार्किंग आणि आत बारा महिने साधारण २४ अंश तापमान. मधल्या चौकात झाडं, पाणी, कॅफे आणि पक्ष्यांचा उंचच उंच पिंजरा. पूर्ण बंदिस्त आणि वातानुकूलित असा हा अमेरिकेतला पहिला मॉल.

पण त्यांच्या आराखड्यात मॉल हा फक्त मधला भाग होता. आजूबाजूला घरं, शाळा, दवाखाने, बाग आणि तळं असं ४६० एकरांहून मोठं अख्खं गाव त्यांनी कागदावर मांडलं होतं. माणसांनी घरातून चालत चौकात यावं, हे त्यांचं स्वप्न.

मॉल बांधून झाला, चालायलाही लागला. आराखड्यातलं गाव मात्र तसं कधी उभं राहिलं नाही. सभोवार उरला पार्किंगचा समुद्र.

याचं कारण साधं होतं. दुकानं भाडं देतात, बाकं देत नाहीत. शिवाय १९५४ साली अमेरिकेत करांचे नियम बदलले आणि नव्या इमारतींत पैसा ओतणं भलतंच फायद्याचं झालं. देशभर मॉलचं पेव फुटलं. बिल्डरांनी ग्रुएन यांचं छप्पर घेतलं, एसी घेतला आणि गावाचा विचार सोडून दिला. मॉलच्या झगमगाटात माणूस कशासाठी आलो तेच विसरतो आणि भलतंच घेऊन घरी जातो, या प्रकाराला तर ग्रुएन यांचंच नाव चिकटलं.

आणखी एक मेख होती. हा चौक दिसायला सगळ्यांचा, पण मालकी खासगी. १९७२ साली पोर्टलंडच्या लॉइड सेंटर मॉलमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्यांचं प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं. निकाल मॉलमालकाच्या बाजूने लागला. आपल्याकडेही १९९९ साली मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स मॉल सुरू झाला, तेव्हा गर्दी आवरायला दारातच मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड आहे का, ते बघितलं जायचं. पारावर बसायला असला पुरावा लागत नाही.

ग्रुएन शहरांच्या जुन्या बाजारपेठा वाचवायच्याही मागे लागले. १९५६ साली त्यांनी फोर्ट वर्थ शहराचा मध्यभाग फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवायची योजना दिली, ती कागदावरच राहिली. कॅलामाझूमध्ये १९५९ साली आणि फ्रेस्नोमध्ये १९६४ साली मुख्य रस्ते गाड्यांना बंद करून ते करूनही दाखवलं. फ्रेस्नोच्या त्या रस्त्यावर २०१७ पासून पुन्हा गाड्या धावतायत.

१९६८ साली ते व्हिएन्नाला परतले. तिथं काय बघायला मिळालं? १९७६ साली शहराच्या दक्षिणेला एक भलामोठा मॉल उभा राहिला आणि गावातल्या छोट्या दुकानदारांच्या पोटात गोळा आला. ज्या शहराच्या चौकांवरून त्यांना मॉल सुचला होता, त्याच शहरात मॉल पोचला होता. १९७८ साली लंडनमधल्या भाषणात त्यांनी जाहीरपणे सांगून टाकलं, की या मॉलचं बापपण आपल्याला मान्य नाही.

१४ फेब्रुवारी १९८० ला व्हिएन्नातच त्यांचं निधन झालं.

पुढच्या वेळी मॉलमध्ये गेलात, की खरेदी न करता बसता येईल असा एक बाक शोधून बघा. सापडला तर समजा, ग्रुएन यांच्या आराखड्यातला तेवढा तुकडा तिथं शिल्लक आहे.