कागदी वीर : मातिआस सिंडेलर

फुटबॉलच्या खेळात अंगबळाचेच महत्त्व आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. रुंद छाती आणि पिळदार मांड्या ज्यास नाहीत, त्याने मैदानाच्या वाटेस जाऊ नये, असेही कित्येक मुलांस वाटते. अशांनी ऑस्ट्रिया देशाचा प्रख्यात सेंटर फॉरवर्ड मातिआस सिंडेलर ह्याचे चरित्र अवश्य ध्यानात घ्यावे.

सिंडेलरचा जन्म ता. १० फेब्रुवारी १९०३ रोजी मोराव्हिया प्रांतातील कोझलाव्ह नावाच्या खेड्यात झाला. बाप गवंडीकाम करी. पोटापाण्याच्या शोधात हे कुटुंब इ. स. १९०५ मध्ये व्हिएन्ना शहरी येऊन फावोरिटेन ह्या मजूरवस्तीत राहू लागले. तेथे विटांच्या भट्ट्या होत्या, व त्यांत राबणारी चेक कुटुंबे दाटीवाटीने राहत असत. मुलांस खेळण्यास रस्ते व मोकळी पटांगणे एवढीच काय ती जागा. तेथेच ह्या मुलाने चेंडू पायाशी खिळवून ठेवण्याची विद्या हस्तगत केली.

पहिल्या महायुद्धात, इ. स. १९१७ साली, त्याचा बाप इसोन्झो नदीच्या आघाडीवर कामास आला. एक मुलगा व तीन मुली ह्यांचा भार आईवर पडला. लोकांचे कपडे धुऊन त्या माउलीने संसार चालविला. मुलगा कुलपे व यंत्रे दुरुस्त करण्याचे काम शिकू लागला आणि इ. स. १९१८ मध्ये वस्तीतील हेर्था नावाच्या क्लबात खेळू लागला.

नशीब उघडते आहे असे वाटावे, तोच इ. स. १९२३ साली त्याच्या उजव्या गुडघ्यास जबर इजा झाली. त्या काळी अशा शस्त्रक्रियेनंतर पुन्हा पूर्ववत खेळता येईलच अशी खात्री नसे. परंतु शस्त्रक्रिया यशस्वी झाली. तेव्हापासून तो त्या गुडघ्यास पट्टी बांधूनच मैदानावर उतरे. इजेच्या भयाने त्याने धक्काबुक्की टाळण्याची युक्ती साधली. प्रतिस्पर्धी अंगावर येताच किंचित वाकून, चकवून तो वाऱ्यावरच्या कागदासारखा सटकून जाई. त्याचा देहही सडपातळ होता. म्हणून लोक त्यास कागदी माणूस म्हणू लागले. जे त्याचे वैगुण्य, तेच पुढे त्याचे सामर्थ्य झाले.

इ. स. १९२४ मध्ये तो ज्या क्लबात गेला, तोच पुढे ऑस्ट्रिया व्हिएन्ना ह्या नावाने प्रसिद्धीस आला. मध्य युरोपातील उत्तमोत्तम क्लबांसाठी असलेला मित्रोपा चषक ह्या क्लबाने १९३३ व १९३६ साली जिंकला. १९३३ च्या अंतिम फेरीत मिलान येथील पहिला सामना हातचा गेला होता. व्हिएन्नातील दुसऱ्या सामन्यात क्लबाने केलेले तिन्ही गोल एकट्या सिंडेलरचे होते.

राष्ट्रीय संघात त्याने १९२६ साली पदार्पण केले. मध्यंतरी संघाचे प्रमुख ह्यूगो माइझल ह्यांची त्याच्यावर मर्जी राहिली नाही व त्यास बराच काळ वगळण्यात आले. मे १९३१ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध त्यास पुन्हा बोलावले, आणि ऑस्ट्रियाने तो सामना ५-० असा जिंकला. त्याच महिन्यात बर्लिन येथे जर्मनीचा ६-० असा पराभव झाला. आखूड, अचूक पास देत सर्व संघाने एकजीव होऊन खेळावयाचे, ही ह्या संघाची रीत. युरोपात लोक त्यास अद्भुत संघ म्हणू लागले. डिसेंबर १९३२ मध्ये लंडन येथे इंग्लंडने हा संघ ४-३ असा कसाबसा हरविला. १९३४ च्या जागतिक स्पर्धेत मात्र उपांत्य सामन्यात इटलीकडून एका गोलाने हार खावी लागली.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. स्वतंत्र ऑस्ट्रियन संघ मोडून त्यातील खेळाडू जर्मन संघात घालावयाचे ठरले. ता. ३ एप्रिल रोजी व्हिएन्नात दोन्ही संघांचा निरोपाचा सामना झाला. पूर्वार्धात सिंडेलरने सोप्या संधी दवडल्या. त्यास गोल न करण्याची ताकीद असावी, असा अनेकांस संशय आला. उत्तरार्धात मात्र त्याने गोल केला, सेस्टाने दुसरा केला, आणि नाझी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत ऑस्ट्रिया २-० ने विजयी झाली. पुढे जर्मन संघात खेळण्याचे बोलावणे आले असता त्याने वय व दुखापत ह्यांची सबब सांगून नकार दिला.

ह्या चरित्रातील एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच वर्षी त्याने फावोरिटेनमधील एक कॉफीगृह विकत घेतले. त्याचा मूळ मालक ज्यू होता; नव्या राजवटीच्या जुलमामुळेच त्यास ते सोडणे भाग पडले होते. ह्या व्यवहाराबद्दल पुढील काळात सिंडेलरवर कठोर टीका झाली, व ती निराधार म्हणता येत नाही. ज्याने मैदानावर मान ताठ ठेवली, त्यास दुकानाच्या उंबऱ्यावर तितकेच खंबीर राहणे साधले नाही.

ता. २३ जानेवारी १९३९ रोजी तो घरात मृत आढळला. कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूने मृत्यू आला, असे चौकशीत ठरले. वय अवघे पस्तीस. लोकांनी नाना तर्क केले, परंतु त्यांपैकी एकही सिद्ध झाला नाही. त्याच्या अंत्ययात्रेस हजारो व्हिएन्नावासी लोटले होते.

विद्यार्थीमित्रांनो, दारिद्र्य, पोरकेपण व पंगू झालेला गुडघा ह्यांवर मात करून ह्या मजुराच्या मुलाने कीर्ती मिळविली, हे अनुकरणीय आहे. बलाढ्य सत्तेने खेळावयास बोलाविले असता त्याने नाही म्हटले, हेही स्मरणीय आहे. परंतु सद्सद्विवेकाची परीक्षा केवळ हजारो प्रेक्षकांसमोर होत नाही. ती बाजारात, व्यवहारात, कोणी पाहत नसतानाही होते. शेजाऱ्यावर अन्याय होत असता त्यातून आपला लाभ घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न लहानथोर सर्वांपुढे केव्हा तरी उभा राहतोच. त्या वेळी योग्य उत्तर देता यावे, ह्यासाठी मनाची तयारी आतापासूनच केली पाहिजे.