सखाराम गणेश देउस्कर : शाळेच्या वर्गापासून राष्ट्रीय विद्यालयापर्यंत

परप्रांतात स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय घराण्यांनी त्या त्या प्रांताच्या वाङ्मयात घातलेली भर हा आपल्या वाङ्मयेतिहासातील काहीसा उपेक्षित विषय आहे. सखाराम गणेश देउस्कर (१८६९-१९१२) यांचे चरित्र या दृष्टीने विशेष उद्बोधक ठरते. देउस्करांची जन्मभाषा मराठी, लेखनभाषा बंगाली आणि वृत्ती अखेरपर्यंत शिक्षकाची. देवघरच्या शाळेपासून कलकत्त्याच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयापर्यंत त्यांचा प्रवास झाला. परंतु तो पदोन्नतीचा प्रवास नव्हता. प्रत्येक टप्प्यावर लेखणी आणि नोकरी यांत निवड करण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला, आणि प्रत्येक वेळी त्यांनी लेखणीचा पक्ष घेतला.

देउस्करांचे घराणे मूळचे कोकणातील. अठराव्या शतकात, मराठ्यांच्या विस्तारकाळात, ते देवघरजवळील करौं या गावी स्थायिक झाले. हा प्रदेश त्या काळी बंगाल प्रांतात मोडत असे. आज तो झारखंडमध्ये आहे. सखारामांचा जन्म १७ डिसेंबर १८६९ रोजी झाला. वयाच्या पाचव्या वर्षी मातृवियोग झाल्यावर विधवा आत्याने त्यांचा सांभाळ केला. मराठी वाङ्मयाशी चांगला परिचय असलेल्या या आत्यामुळेच, महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर वाढणाऱ्या या मुलाच्या मनात मराठीचा जिव्हाळा रुजला. घरात वेदाध्ययन व मराठी आणि घराबाहेर बंगाली, अशा दुहेरी संस्कारात त्यांची घडण झाली.

१८९१ साली देवघरच्या शाळेतून ते मॅट्रिक झाले आणि १८९३ मध्ये त्याच शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. निवृत्त मुख्याध्यापक व थोर विचारवंत राजनारायण बसू यांचे वास्तव्य त्या वेळी देवघरला होते. त्यांच्या सहवासात देउस्करांच्या इतिहासप्रेमाला राष्ट्रीय विचाराची जोड मिळाली. मात्र ही नोकरी फार काळ टिकली नाही. स्थानिक इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या जुलमाविरुद्ध त्यांनी कलकत्त्याच्या 'हितवादी' पत्रात लेख लिहिले. नोकरीवरून काढण्याची धमकी येताच त्यांनी शाळा सोडली आणि कलकत्ता गाठून त्याच पत्रात मुद्रितशोधकाचे काम पत्करले. पुढे स्वकर्तृत्वाने ते 'हितवादी'चे संपादक झाले.

कलकत्त्यातील त्यांच्या ग्रंथलेखनामागेही शिक्षकाचीच दृष्टी दिसते. 'महामति रानडे' (१९०१), 'आनंदीबाई' (१९०३), 'शिवाजीर महत्त्व' (१९०३), 'शिवाजीर दीक्षा' (१९०४) या पुस्तकांतून त्यांनी महाराष्ट्र बंगाली वाचकांसमोर मांडला. या कार्यातील अडचण लक्षात घेणे अगत्याचे आहे. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांची दहशत बंगाली अंगाईगीतांतूनही टिकून राहिली होती. बंगाली लोकमानसात मराठा म्हणजे लुटारू बारगीर, हे समीकरण दृढ होते. त्याच भाषेत शिवचरित्र सांगणे म्हणजे दीड शतकाच्या स्मृतीशी झगडणे होते. १९०२ मध्ये कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू करण्यात देउस्करांचा पुढाकार होता, आणि 'शिवाजीर दीक्षा' या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथ ठाकुरांनी शिवाजी उत्सवावरील आपली प्रसिद्ध कविता दिली. या झगड्याला आलेले हे लक्षणीय यश होय.

१९०४ साली प्रसिद्ध झालेला 'देशेर कथा' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ. दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त, विल्यम डिग्बी यांनी इंग्रजीत मांडलेले आर्थिक शोषणाचे विवेचन त्यांनी सामान्य बंगाली वाचकाला समजेल अशा भाषेत आणले. विणकर आणि शेतकरी यांच्या ऱ्हासाबरोबरच परकीय सत्तेने मनावर मिळविलेल्या विजयाचाही त्यांनी विचार केला. वंगभंगाच्या चळवळीत हा ग्रंथ जणू पाठ्यपुस्तकासारखा वाचला गेला. देउस्करांचे भाचे व हिंदी पत्रकारितेतील अग्रणी बाबूराव विष्णू पराडकर यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला.

१९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर टिळकांविरुद्ध लिहिण्याचा आग्रह 'हितवादी'च्या चालकांनी धरला. टिळकांना राजकीय गुरू मानणाऱ्या देउस्करांनी संपादकपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर ते राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयात बंगाली भाषा व भारतीय इतिहास यांचे अध्यापक झाले. सरकारी विद्यापीठाला पर्याय म्हणून १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेच्या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य अरविंद घोष होते. याच परंपरेतून १९५५ मध्ये जादवपूर विद्यापीठ उदयास आले. केवळ मॅट्रिक झालेल्या मराठी माणसाने बंगालच्या राष्ट्रीय विद्यालयात बंगाल्यांनाच बंगाली शिकवावे, ही घटना असामान्य म्हटली पाहिजे. पदवीपेक्षा ग्रंथकर्तृत्वाला मान देण्याइतके स्वातंत्र्य त्या संस्थेपाशी होते, याचीही ती द्योतक आहे.

हे स्वातंत्र्यही मर्यादित ठरले. १९१० मध्ये सरकारने 'देशेर कथा' आणि टिळकांच्या खटल्यावरील त्यांचे पुस्तक जप्त केले. संस्थेचे चालक आपल्याकडे संशयाने पाहू लागल्याचे जाणवताच त्यांनी अध्यापकपद सोडले. पत्नी आणि एकुलता एक मुलगा यांच्या निधनाने खचलेले देउस्कर करौं येथे परतले. २३ नोव्हेंबर १९१२ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

देउस्करांना कोणत्या वाङ्मयाचे मानावे? भाषेच्या निकषावर ते निःसंशय बंगालीचे ठरतात, आणि मराठी वाङ्मयेतिहासात त्यांचा उल्लेख अभावानेच आढळतो. परंतु रानडे, आनंदीबाई आणि शिवाजी हे त्यांचे विषय त्यांना आत्याकडून मिळालेल्या मराठीनेच दिले. मराठी संस्कृतीचा प्रभाव मराठीबाहेर कसा पोहोचला, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या कक्षेत घ्यावयाचा असेल, तर त्याचा आरंभ देउस्करांपासून करणे उचित ठरेल. आपल्या पूर्वजांच्या राज्याची धास्ती ज्या भाषेत साठली होती, त्याच भाषेत त्यांनी त्या राज्याच्या संस्थापकाविषयी आदर निर्माण केला. शाळा, वृत्तपत्र आणि राष्ट्रीय विद्यालय या तिन्ही ठिकाणची पदे त्यांनी सोडली. हे अध्यापन मात्र त्यांनी शेवटपर्यंत चालविले.